ओट्यावर काय, माळ्यावर काय: स्वयंपाकघरातल्या साधनांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात पाच माणसं, दोन वेळचा स्वयंपाक आणि पुण्यातल्या फ्लॅटचा जेमतेम आठ फुटी ओटा, एवढाच माझा अधिकार. तरी भाच्या, नणंदा, सोसायटीतल्या मैत्रिणी, नुकती नोकरी लागून बाहेरगावी गेलेली पोरं, सगळ्यांचे फोन येतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. नवीन वस्तू घेताना ती काय काय करते हे सगळे विचारतात. ती धुवायला किती वेळ लागतो आणि ठेवायची कुठे, हे फारसं कोणी विचारत नाही. खालच्या बहुतेक उत्तरांत मी याच दोन गोष्टींवर येऊन थांबले आहे, हे आधीच सांगते.

तुमच्याकडे सगळ्यात जास्त वापरलं जाणारं साधन कोणतं?

सांडशी. उत्तर ऐकून लोक हसतात, पण सकाळच्या चहाच्या पातेल्यापासून रात्रीच्या दुधापर्यंत दिवसातून वीसेक वेळा तरी हात तिच्याकडे जातो. घेताना दुकानातच एक पाण्याने भरलेलं पातेलं उचलून बघा. खिळा ढिला असेल तर तिथेच कळतं. आमच्याकडे दोन आहेत, कारण एक कायम फ्रिजवर, खिडकीत, नाहीतर बाल्कनीत सापडते.

दुसरा नंबर मिक्सरच्या चटणीच्या छोट्या भांड्याचा.

तूरडाळीला कुकरच्या किती शिट्ट्या?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि तो जरा बदलून विचारायला हवा. शिट्टी म्हणजे आतला दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला आणि वजनाने उचलून वाफ सोडली, एवढंच. गॅस मोठा ठेवला तर पाच मिनिटांत चार शिट्ट्या होतील, बारीक ठेवला तर दहा मिनिटांत एकही होणार नाही. डाळ शिजते ती वेळेने आणि उष्णतेने. म्हणून शिट्ट्या मोजणाऱ्या दोघींची डाळ कधी सारखी शिजत नाही, आणि मग दोघी डाळीला नावं ठेवतात.

माझी पद्धत अशी: मोठ्या आचेवर पहिली शिट्टी होऊ द्यायची, मग गॅस बारीक करून मिनिटं मोजायची. भिजवलेल्या तूरडाळीला सात-आठ मिनिटं, न भिजवलेलीला बारा. रात्रभर भिजवलेल्या छोल्यांना वीस मिनिटं. मग गॅस बंद करून कुकर आपणहून उतरू द्यायचा. त्या उतरण्याच्या दहा मिनिटांतही आत शिजणं चालूच असतं. घाईने शिट्टी उचलून वाफ काढली की ती दहा मिनिटं वाया जातात आणि डाळीचं पाणीही फसफसून वर येतं.

कुकरात डाळ लवकर शिजते त्यामागचं कारण सोपं आहे. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, त्यामुळे उघड्या पातेल्यातलं पाणी इथे ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. महाबळेश्वरला तर ९५-९६ अंशांवरच. त्याहून जास्त ते तापतच नाही, मग खाली कितीही जाळ लावा. घरगुती कुकरमध्ये दाब वाढल्यामुळे तेच पाणी १२० अंशांपर्यंत जातं. ही कल्पना फार जुनी आहे. दनी पापँ नावाच्या फ्रेंच संशोधकाने १६७९ मध्ये लंडनमध्ये असं भांडं करून दाखवलं होतं, हाडं मऊ करण्यासाठी. आपल्याकडे हॉकिन्स आणि प्रेस्टिज या दोन्ही नावांचे कुकर १९५९ पासून यायला लागले.

एक सावधगिरी. डब्यांत न लावता डाळ थेट कुकरात शिजवत असाल तर कुकर एक तृतीयांशाच्या वर भरू नका. डाळीचा फेस शिट्टीच्या नळीत अडकतो. चमचाभर तेल, हिंग आणि हळद घातली की फेस कमी होतो. वरणात हिंग-हळद आधीच घालण्यात चवीइतकाच हाही फायदा आहे.

कुकरचा तळ आतून काळा पडतो. काय करावं?

ॲल्युमिनियमचा असेल तर पडणारच. डबे ठेवताना खालच्या पाण्यात पिळून झालेली लिंबाची फोड, चिंचेचं बुटुक किंवा एखादं आमसूल टाका. आमच्या घरी पिळलेलं लिंबू कचऱ्यात जात नाही, आधी कुकरात जातं.

झाकणाकडून वाफ निसटते. नवा कुकर घ्यावा लागेल का?

नाही. रबर बदला. ते वर्ष-दीड वर्षात सैल होतं किंवा कडक पडतं. पाहुणे दारात आणि रबर सैल, अशी वेळ आली तर ते दहा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा, तेवढ्या वेळेपुरतं काम भागतं. सेफ्टी व्हॉल्व्ह मात्र त्याच कंपनीचा, त्याच मापाचा घ्या. "हाच बसतो हो सगळ्यांना" असं दुकानदार म्हणाला तरी नको. आणि नवा कुकर घेताना आयएसआयचा शिक्का बघाच. २०२० च्या सरकारी आदेशापासून घरगुती कुकरला तो सक्तीचा आहे.

मिक्सर किती वॅटचा घ्यावा?

दोघांच्या घराला, चटणी आणि वाटणापुरता, ५०० वॅट पुरे. इडली-आंबोळीचं पीठ आणि ओल्या नारळाचं वाटण आठवड्यातून दोनतीनदा होत असेल तर ७५०. त्यापुढे आवाज वाढतो, फायदा तेवढा नाही.

आपल्या मिक्सरची एक गोष्ट मला फार आवडते. परदेशी मिक्सर मुळात मऊ फळं, सूप, मिल्कशेक यांच्यासाठी बनवलेले. त्यांत कोरडी हळकुंडं किंवा सुकं खोबरं टाकलं की मोटर जळायची. मुंबईत सत्यप्रकाश माथुर नावाचे इंजिनियर होते. त्यांच्या पत्नी माधुरी माथुर यांचा जर्मन मिक्सर असाच बंद पडला आणि इथे तो दुरुस्त होईना. तेव्हा त्यांनी १९६०च्या दशकात आपल्या वाटणाला टिकेल अशी दणकट मोटर घालून स्वतःच मिक्सर बनवला. तोच 'सुमीत'. पुढे किती तरी घरांत मिक्सरला 'सुमीत'च म्हणायचे, मग तो कुठल्याही कंपनीचा असो. माझी आत्या अजून म्हणते.

घेताना वॅटपेक्षा भांडी नीट बघा. चटणीच्या भांड्यात पातं तळाला किती चिकटून आहे ते बोट घालून बघा (मिक्सर बंद असताना, हे सांगायला नको). पातं उंच असेल तर चार लसूणपाकळ्या आणि दोन मिरच्या नुसत्या पात्याखाली फिरत बसतात, वाटल्या जातच नाहीत. आणि जवळपास त्या कंपनीचा कपलर, वॉशर मिळतो का, हे पैसे देण्याआधी विचारा.

मिक्सर मध्येच बंद पडला. जळला का?

बहुधा नाही. तो उलटा करा. तळाशी एक छोटं, बहुतेकदा लाल बटण असतं. मोटरवर ताण आला की ते बाहेर येतं आणि मिक्सर थांबतो. पाच-दहा मिनिटं थंड होऊ द्या, भांड्यातलं थोडं काढून घ्या, बटण दाबा, चालू करा. या एका बटणापायी माझ्या ओळखीतल्या तिघींनी मेकॅनिकला घरी बोलावलेलं आहे, त्यातली एक मी.

सलग दोन-तीन मिनिटांच्या वर फिरवू नका. सुकं खोबरं, दाण्याचं कूट यांना तर उलट्या बाजूचं बटण थांबून थांबून मारायचं, नाहीतर कूट व्हायच्या आत तेल सुटून गोळा होतो.

गरम पदार्थ मिक्सरमधून काढला तर चालतो का?

आमच्या स्वयंपाकघराच्या छताला एक फिकट केशरी डाग आहे. टोमॅटोचं सार करायचं होतं, वेळ नव्हता, उकडलेले टोमॅटो तसेच भांड्यात घातले, झाकण लावलं, बटण फिरवलं. आत कोंडलेली वाफ एकदम फुगली आणि झाकण उडालं. नशीब की मी मिरच्या आणायला फ्रिजकडे वळले होते. रंग दोनदा दिला, डाग पुन्हा वर येतो.

आता पदार्थ कोमट होऊ देते, भांडं अर्धंच भरते आणि झाकणावर दुमडलेलं फडकं ठेवून तळहाताने दाबते. सूप-सारासाठी हँड ब्लेंडर असेल तर त्याच्यासारखं सुख नाही, पातेल्यातच काम होतं आणि धुवायला एक दांडा.

विळी की सुरी?

माझं उत्तर ऐकून तरुण मंडळी हसतात, पण नारळ, मेथी, कोबी आणि सुरण असेल तर विळी. विळीचं पातं पाटाला पक्कं असतं, आपले दोन्ही हात भाजीवर. सुरीने चिरताना एक हात भाजी धरतो आणि एक हात सगळा जोर लावतो. फणस किंवा लाल भोपळा एकदा दोन्हींनी चिरून बघा, फरक मनगटाला कळतो. मालवणकडे विळीला आडाळो म्हणतात, आणि तिथल्या बायका त्यावर ज्या वेगाने मासे साफ करतात तो बघत उभं राहावं असा असतो.

नारळ खवण्याचीही एक रीत आहे. वाटी दोन्ही हातांत धरून आधी कडेकडेने खवत यायचं आणि मग मध्यावर जायचं. मध्यापासून सुरुवात केली की कडेचं खोबरं नंतर दातांत नीट सापडत नाही आणि वाटी निसटते. तपकिरी साल दिसायला लागली की थांबायचं. सोलकढीसाठी खवत असाल तर आणखी जरा आधी, नाहीतर रंगाला काळपट झाक येते.

गुडघे दुखत असतील तर खाली बसायचा हट्ट नको. ओट्याला चापाने बसणारी खवणी मिळते. किंवा नारळाची वाटी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, सकाळी जरा सुटू द्या. करवंटीपासून खोबरं सुरीच्या टोकाने सहज सुटतं, मग तुकडे करून मिक्सरला थांबत थांबत फिरवा. खवलेल्याची सर येत नाही, पण भाजीवर घालायला उत्तम.

विळी धुऊन लगेच पुसायची, पात्याला तेलाचं बोट फिरवायचं आणि घरात लहान मूल असेल तर दुमडून वर ठेवायची.

जाहिरातीतला दोरी ओढायचा चॉपर कसा आहे?

माझ्या पहिल्या चॉपरची दोरी तिसऱ्या कांद्याला तुटली. दुसरा टिकला आहे. कोशिंबिरीसाठी गाजर, आमलेटसाठी मिरची-कोथिंबीर, पावभाजीच्या भाज्या, इथे छान. कांदा तीन-चार ओढींच्या पुढे गेला की पाणी सुटतं आणि परतताना तो तळला जायच्याऐवजी उकडतो. कांदेपोह्यांचा कांदा त्यात कधीही करू नका.

खलबत्ता ठेवावा का? मिक्सर आहे की.

ठेवा. छोटा, जड, हाताशी. चार वेलदोडे मिक्सरमध्ये कोण फिरवणार? चहाचं आलं, फोडणीपुरता लसूण, शिऱ्याची वेलची, यांना खलबत्ता म्हणजे दहा सेकंदांचं काम आणि धुवायचं काही नाही. वेलची कुटताना चिमूटभर साखर टाका, पूड पटकन होते आणि बत्त्याला चिकटत नाही.

ठेच्यासाठीही तोच. मिक्सरमध्ये मिरचीची चटणी होते, ठेचा होत नाही. ठेच्यात मिरचीची साल, बी, लसणाचा तुकडा वेगवेगळे दाताखाली आले पाहिजेत. कोल्हापूरकडच्या माझ्या वहिनी तर तव्यातच मिरच्या-लसूण-दाणे भाजतात आणि तांब्याच्या बुडाने तव्यातच रगडतात. खलबत्ता धुवायचं कामही वाचलं.

पाटा-वरवंटा हा वेगळा विषय. ज्यांच्याकडे आहे आणि ज्यांची कंबर शाबूत आहे त्यांनी सणावाराला जरूर वापरावा. पाटा गुळगुळीत झाला असेल तर टाकी लावून, म्हणजे छिन्नीने बारीक खाचा पाडून घ्यावी लागते, आणि टाकी लावणारी माणसं आता शहरात फार फिरकत नाहीत. टाकी लावल्यावर पहिली दोन वाटणं तांदळाची करून टाकून द्या, दगडाची कच राहिलेली असते.

बिडाचा तवा घेतला. सगळं चिकटतं. परत करू?

परत करू नका. तवा अजून तयार झालेला नाही. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, सच्छिद्र असतं. त्यावर तेलाचा पातळ थर चांगला तापवला की तो सुकून कडक होतो आणि धातूला धरून बसतो. असे आठ-दहा थर चढले की तवा काळा, तुकतुकीत होतो.

आधी घासून धुवा, गॅसवर पूर्ण कोरडा करा. मग तेलाचे दोन-चार थेंब फडक्याने सगळीकडे पुसा, आणि नंतर तेल लावलंच नाही असं वाटेपर्यंत कोरड्या फडक्याने काढून टाका. लोक इथेच चुकतात, तेल जास्त राहतं आणि थर चिकट होतो. धूर यायला लागेपर्यंत तापवा, थंड करा, पुन्हा तेच. तीन-चार वेळा. मग आठ दिवस त्यावर फक्त कांदा परता, थालीपीठ लावा, धिरडी काढा. सुरुवातीची दोन धिरडी तव्याची, असं समजून चाला.

चिंच, आमसूल, टोमॅटो घालून काही त्यात शिजवत ठेवू नका, थर निघतो आणि पदार्थ काळा पडून लोखंडाची चव लागते. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवलात तर सकाळी गंज. आमच्याकडे एकदा मदतीला आलेल्या नवीन बाईंनी बिडाचं आप्पेपात्र तारेच्या घासणीने चकचकीत केलं आणि कौतुकाने मला दाखवलं. काय बोलणार? छान म्हटलं आणि पुन्हा पहिल्या थरापासून सुरुवात केली.

नॉनस्टिक मग अगदीच वाईट का?

नाही. डोशाला, अंड्याला सोयीचं आहे. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरू नका, २६० अंशांच्या पुढे त्यावरचा लेप बिघडायला लागतो. लाकडी उलथनं वापरा. लेपाचे पापुद्रे निघायला लागले की तवा टाका, झाडाखाली ठेवायला वगैरे जपून ठेवू नका.

आजीची पितळी पातेली आहेत. त्यांत स्वयंपाक करता येतो?

कल्हई असेल तर करता येतो. पितळेत किंवा तांब्यात ताक, चिंच, टोमॅटो असं आंबट राहिलं की ते कळकतं. हिरवट रंग, तोंडात ओशट चव, पोटालाही बरं नाही. म्हणून आतून कथलाचा थर देतात. कल्हईवाला भांडं तापवतो, नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर निघतो, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने एका फिरकीत सगळं भांडं चांदीसारखं करतो. माझ्या लहानपणी हा सोहळा बघायला आम्ही मुलं गोल करून बसायचो, भात्यापासून दोन हात लांब.

कथील २३२ अंशांना वितळतं. म्हणजे कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही, आणि त्यात कोरडं भाजायचं नाही. वरण, खीर, बासुंदी, आमटी यांना ते अप्रतिम, आच सगळीकडे सारखी लागते. आतून पिवळं दिसायला लागलं की पुन्हा कल्हई.

(या भांड्यालाच मुंबई-कोकणात टोप म्हणतात, विदर्भात गंज, मराठवाड्यात भगुनं. नवीन लग्न झालेल्या मुलींनी सासरचा शब्द पहिल्या दिवशीच विचारून घ्यावा. माझी नागपूरची जाऊ 'गंज आण' म्हणाली आणि मी गंजलेलं काय आणू ते शोधत बसले होते.)

पुरणयंत्र फिरतच नाही. बिघडलंय का?

पुरण थंड झालंय. गूळ निवला की घट्ट होतो आणि मग दांडा फिरवायला पैलवान लागतो. डाळ मऊ शिजवून घ्या, चाळणीत उपसून कट काढा (कटाची आमटी त्याचीच, टाकू नका), गूळ घालून डाव उभा राहीपर्यंत आटवा आणि गरम असतानाच यंत्रात घाला. एका वेळी अर्धंच भांडं भरा. दर दोन-तीन घाण्यांनंतर चकतीखाली चिकटलेलं पुरण चमच्याने खरवडून घ्या.

डाळ कच्ची असेल तर कुठलंही यंत्र तुम्हाला वाचवू शकत नाही. शिजलेली डाळ दोन बोटांत धरून दाबा, मधे कणी लागली तर पुन्हा कुकरात.

मिक्सरमध्ये करायचं असेल तर गूळ घालायच्या आधी, निथळलेली डाळ गार करून फिरवा. आणि यंत्र नसेल तर पुरणाची चाळण आणि वाटीचा तळ, तेही चालतं. वर्षातून होळी, पोळा आणि एखादा सण, एवढ्यासाठी यंत्र माळ्यावर राहिलं तर मला त्यात काही वावगं वाटत नाही. रोजची वस्तू माळ्यावर गेली की मग ती परत खाली येत नाही.

चकली सोऱ्यातून पाडताना तुटते.

दोष पिठाचा आहे, सोऱ्याचा नाही. पीठ कोरडं झालंय, नीट मळलेलं नाही, किंवा मोहन जास्त पडलंय. पाण्याचा हात लावून एका घाण्यापुरताच गोळा पुन्हा चांगला मळून घ्या आणि मग भरा. बाकीचं पीठ ओल्या फडक्याखाली ठेवा. तेलात गेल्यावर चकली विरघळायला लागली तर मोहन नक्कीच जास्त, थोडी भाजणी वाढवा. सोऱ्याला आतून तेल लावलं की पीठ वर चढून दांड्याभोवती गोळा होत नाही.

पितळी, दांडा फिरवायचा सोऱ्या दाबायच्या सोऱ्यापेक्षा कितीतरी बरा. दोन किलो भाजणीच्या चकल्या करून झाल्यावर खांदे तुम्हाला दुवा देतील.

मोदक साच्याने केले तर कमीपणा वाटून घ्यावा का?

अजिबात नाही. एकवीस मोदक, ऑफिसची वेळ आणि आरतीला जमलेली माणसं, यात साचा देवानेच दिलाय. उकड मात्र नीट हवी: एक वाटी पिठीला एक वाटी पाणी, तांदूळ नवा असेल तर चमचा-दोन चमचे कमी, मीठ, चमचाभर लोणी. गरम असतानाच मळायची. साच्याला तुपाचं बोट लावा, पारी पातळ दाबा, सारण भरून तळ बंद करा. मोदकपात्रात हळदीचं पान घाला, झाकणाला आतून फडकं बांधा म्हणजे वाफेचं पाणी मोदकांवर टपकत नाही. दहा-बारा मिनिटं. हाताच्या मोदकाच्या कळ्यांची शान वेगळीच, ते कबूल. माझ्या सासूबाई एकवीस हाताचे करायच्या, वरचे साच्याचे.

एअर फ्रायर घेऊ का?

त्याच्या नावाने फसगत होते. तो तळत नाही. आत पंखा असलेली ती लहानशी भट्टी आहे, गरम हवा जोरात फिरवणारी. फिलिप्सने २०१० मध्ये तो बाजारात आणला. भट्टी म्हणून बघितलं तर निराशा होत नाही.

आमच्याकडे त्यात नियमाने होणाऱ्या गोष्टी: शेंगदाणे भाजणं (१६० अंशांवर आठ-दहा मिनिटं, मधे एकदा हलवायचे, कढईपुढे उभं राहायला नको), वाफवलेल्या कोथिंबीर वडीच्या आणि अळूवडीच्या चकत्या तेलाचा हात लावून, सुरणाचे काप, वांग्याचे काप, आदल्या दिवशीचे समोसे पुन्हा कुरकुरीत करणं. साबुदाणावडा बरा होतो, तेल लावून, पण तळलेल्याशी तुलना करत खाऊ नये.

न होणाऱ्या गोष्टी: भजी आणि बटाटावडा. पातळ पीठ जाळीतून खाली गळतं आणि मग ती जाळी घासता घासता भजी तळायला लागला असता त्याच्या दुप्पट वेळ जातो. पापड हलका असतो, पंख्याच्या वाऱ्याने उडून वर तापलेल्या कॉइलला चिकटू शकतो. पापडाला मायक्रोवेव्ह बरा, पाऊण मिनिटात होतो.

ओट्यावर कायमची जागा देता येत असेल तर घ्या.

रोटीमेकर?

घडीची पोळी त्यात होत नाही. फुलक्यासारखं काहीतरी होतं. पोळपाट-लाटणं ठेवा.

वाटीने मापत असताना वजनकाटा कशाला?

कारण तुमची वाटी आणि माझी वाटी वेगळी. आईने 'दोन वाट्या रवा' सांगितला तो तिच्या लग्नात आलेल्या वाटीने. वरणभाताला फरक पडत नाही, पण पाकातल्या लाडवांत पडतो. मी एकदा बसून आईच्या वाटीने रवा, साखर, बेसन, तूप काट्यावर मोजलं आणि वहीत ग्रॅममध्ये लिहून घेतलं. तेव्हापासून लाडू फसले नाहीत. घरातल्या ज्येष्ठांकडून पाककृती घेताना हेच करा, त्यांना करायला सांगा आणि प्रत्येक वेळी हात डब्यातून पातेल्यात जायच्या आधी मधे काटा सरकवा. वैताग सहन करायची तयारी ठेवा.

अमेरिकेत राहतो. इथून मिक्सर नेला तर चालेल?

आपला मिक्सर २३० व्होल्टचा, तिथे १२० व्होल्ट. थेट लावला तर रडत-रखडत फिरतो, वाटत काही नाही. व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण ७५० वॅटला पुरेल असा म्हणजे मिक्सरइतकाच जड. तिथेच मिळणारा ११० व्होल्टचा भारतीय मिक्सर घ्यावा. युरोप, आखात, ऑस्ट्रेलियात व्होल्टेज जुळतं, फक्त पिन बदलते.

इंडक्शन शेगडीसाठी भांडी नेत असाल तर निघण्याआधी फ्रिजवरचा चुंबक तळाला लावून बघा. चिकटला तरच ते भांडं चालेल. पितळ, तांबं आणि साधा ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही.

इथून नेण्यासारखं म्हणजे सोऱ्या, छोटा खलबत्ता, आप्पेपात्र, कुकरची दोन जास्तीची रबरं. विळी नेणार असाल तर नीट गुंडाळून, चेक-इनच्या बॅगेत.

खरेदी कुठे करावी?

पुण्यात तुळशीबाग आणि रविवार पेठेतली बोहरी आळी, तांब्या-पितळेसाठी कसब्यातली तांबट आळी. मुंबईत भुलेश्वर. नाशिकला गेलात तर भांडी बाजार. ऑनलाइनही घ्या, पण सोऱ्या, सांडशी, खलबत्ता, विळी या चार गोष्टी हातात धरूनच घ्याव्यात.

शेजारी पुरणयंत्र घेऊन गेले, परत आणून देत नाहीत. कसं मागू?

यासाठीच भांड्यांवर नाव घालायची पद्धत होती. दुकानातच तो माणूस टुक-टुक करत यंत्राने नाव, तारीख, कोणाकडून कोणाला, सगळं कोरून द्यायचा. माझ्या यंत्राच्या बुडाशी आजेसासूबाईंचं नाव आणि १९७१ असं आहे, त्यामुळे ते फिरून फिरून घरी येतं. तुमच्यावर नाव नसेल तर होळीनंतर चार दिवसांनी फोन करायचा. यंत्राचा विषयच काढायचा नाही. "अहो, बारीक चकती माझ्याकडेच राहिली का, की तुमच्याकडे आली?" एवढंच विचारायचं. संध्याकाळपर्यंत यंत्र येतं, तिन्ही चकत्यांसकट.